आवाहन आणि विसर्जन

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याने दक्षिणेकडे निघाले की आधी पळस्पे लागते, मग शिरढोण, मग कर्नाळ्याचा सुळका दिसू लागतो आणि थोड्या वेळाने माणूस पेणला पोचतो. हा सारा वीस-बावीस मैलांचा पट्टा. पेणला आणि शेजारच्या हमरापूर-जोहे या गावांत बाराही महिने गणपती घडतात. तेथील मूर्तींना २०२३ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. शिरढोण हे वासुदेव बळवंत फडक्यांचे जन्मगाव. आणि पनवेलच्या पश्चिमेला, जेथे काल-परवापर्यंत उलव्याची टेकडी उभी होती, तेथे आता विमानतळ झाला आहे. त्या विमानतळाला नाव कोणाचे द्यावे यासाठी २०२१ साली हजारो माणसे रस्त्यावर उतरली होती. एक मातीची मूर्ती, एक चरित्रातली मूर्ती आणि एक नावाची मूर्ती. तिन्ही एकाच रस्त्यावर भेटतात. माणसाच्या पूजकवृत्तीचा विचार करायला याहून सोयीची जागा शोधूनही सापडणार नाही.

मूर्तिपूजेची चर्चा निघाली की आपल्याकडे एक ठराविक वाद सुरू होतो. एक पक्ष म्हणतो, दगडात देव नाही. दुसरा म्हणतो, भाव तेथे देव. या वादात शंभर-दीडशे वर्षे गेली आणि त्यातून जे निघायचे ते निघाले. परंतु या दोन्ही पक्षांचे एका साध्या गोष्टीकडे दुर्लक्ष झाले असे मला वाटते. ती गोष्ट पूजाविधीतच आहे. भाद्रपदातल्या पार्थिव गणपतीची पूजा आवाहनाने सुरू होते. मूर्ती पाटावर आली म्हणजे देव आला असे होत नाही. प्राणप्रतिष्ठा करावी लागते. आणि दीड दिवसाने, पाच दिवसांनी किंवा दहा दिवसांनी उत्तरपूजा होते, मूर्तीवर अक्षता पडतात, तिला जागेवरून थोडे हलवले जाते. त्या क्षणी देव गेला, उरली ती माती. ती पाण्यात सोडायची, पाटावर मूठभर वाळू घेऊन घरी परतायचे. ज्या शेतकऱ्याला आपण अडाणी म्हणतो त्याला हे पुरते ठाऊक असते की, या मातीत देवपण मी आणले आणि मीच ते काढून घेतले. पेणच्या कारखान्यात फळीवर ओळीने मांडलेल्या शेकडो गणपतींना कोणी हात जोडीत नाही. कारागीर त्यांच्यावरची धूळ झटकतो, मोडलेला हात नव्याने बसवतो, हिशेब करतो. देवत्व आणि माती यांतला फरक जितका स्पष्ट या कारखान्यात दिसतो तितका कोणत्याही तत्त्वज्ञानाच्या ग्रंथात दिसणार नाही.

आधुनिक मूर्तिपूजेचा दोष येथेच आहे. तिच्यात आवाहन आहे, विसर्जन नाही. आपण माणसाला देव करतो, नावाला देव करतो, पक्षाला आणि पुस्तकाला देव करतो. परंतु अक्षता टाकून त्या देवाला जागेवरून हलवण्याचा विधी आपल्यापाशी नाही. मग तो देव तेथेच राहतो आणि त्याच्या खालची माती पाहू इच्छिणारा माणूस पाखंडी ठरतो.

ही वृत्ती केवळ मूर्ती मानणाऱ्यांची आहे असे समजण्याचे कारण नाही. महानुभावांचेच उदाहरण घ्यावे. श्रीचक्रधरांनी देवतांची भक्ती नाकारली. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ वेगळे मानून देवतांना परमेश्वराच्या जागेवरून खाली उतरवले. एवढे परखड मूर्तिभंजन मराठी भाषेच्या आरंभकाळी दुसऱ्या कोणी केले नसेल. आणि तरीही स्वामी ज्या जागी बसले, निजले, जेवले त्या जागा त्यांच्या शिष्यांनी जपल्या, तेथे ओटे बांधले, त्यांना वंदन केले. त्या जागांची नोंद करणारी ‘स्थानपोथी’ सिद्ध झाली. मूर्ती गेली आणि तिची जागा ‘जागे’ने घेतली. गाडगेबाबांचेही असेच झाले. जन्मभर हातात खराटा घेऊन जो माणूस दगडाच्या देवापेक्षा भुकेलेल्याला अन्न द्या म्हणून कीर्तनातून सांगत राहिला, पाया पडू देत नसे, शिष्य करीत नसे, त्याचे १९५६ साली निधन झाले आणि आज गावोगाव त्याचे पुतळे आहेत. त्या पुतळ्यांना हार घालणाऱ्यांच्या मनात कपट आहे असे नव्हे. पूजेवाचून प्रेम कसे करावे हेच आपल्याला कोणी शिकवलेले नाही.

वाङ्मयाचा प्रश्न येथे सुरू होतो. प्रेम करण्याची रीत समाजाला वाङ्मयातून मिळते, आणि थोर माणसावर प्रेम करण्याची रीत चरित्रातून मिळते. मराठी चरित्राला दोन पूर्वज लाभले. एक म्हाइंभटांचे ‘लीळाचरित्र’, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातले. दुसरा महिपतींचा ‘भक्तविजय’, १७६२ सालचा. दोन्ही ग्रंथ भक्तांनी लिहिले आहेत, दोघांनाही आपला चरित्रविषय अलौकिक वाटतो. परंतु दोघांची रीत मात्र अगदी भिन्न आहे. स्वामींच्या प्रयाणानंतर म्हाइंभट ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिले होते त्यांच्याकडे गेले आणि त्यांच्या आठवणी त्यांनी टिपून घेतल्या. स्वामी काय बोलले, कोठे बोलले, त्या वेळी कोण बसले होते, काय खाल्ले, कशाने हसले, कोणावर रुष्ट झाले. मूळ पोथी हरवली तेव्हा ती पुन्हा जुळवली गेली, आणि एकाच लीळेचा पाठ निरनिराळ्या माणसांच्या आठवणीत वेगळा आला तर तो भेदही राखला गेला. साक्षात परमेश्वराच्या चरित्रातसुद्धा ‘अमक्याला असे आठवते, तमक्याला तसे’ असे म्हणण्याची सोय या ग्रंथाने ठेवली. महिपतींना अशी सोय नको होती. त्यांच्या संतांना संकट येते, देव धावतो, चमत्कार होतो, निंदक शरण येतो. हा साचा रसाळ आहे, कीर्तनाला उपयोगी आहे, आणि महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत त्याने जे संस्कारांचे काम केले ते थोडे नाही. परंतु एकोणिसाव्या-विसाव्या शतकात आपण देशभक्तांची, समाजसुधारकांची, पुढाऱ्यांची चरित्रे लिहू लागलो तेव्हा ‘लीळाचरित्र’ सांकेतिक लिपीच्या कुलपात बंद होते आणि हाताशी होता तो ‘भक्तविजय’. आपल्या देशभक्तांच्या चरित्रांत बालपणीची शुभचिन्हे, मध्ये अग्निपरीक्षा आणि शेवटी निंदकांचा पराभव इतक्या नियमाने का येतो, याचे उत्तर या वारशात आहे.

शिरढोणच्या वासुदेव बळवंतांचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. जन्म ४ नोव्हेंबर १८४५ चा. पुण्यास लष्करी हिशेबखात्यात कारकुनी. आई आजारी असता वेळेवर रजा मिळाली नाही आणि तिची अखेरची भेट चुकली, ही त्यांच्या आयुष्यातली जखम. पुढे १८७६-७७ चा दुष्काळ त्यांनी पाहिला. १८७९ च्या आरंभी रामोशी, कोळी अशा मंडळींना घेऊन त्यांनी बंड उभारले. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांचे साथीदार दौलतराव नाईक यांच्या टोळीने कोकणात उतरून पळस्पे आणि चिखली येथे लूट केली आणि परतीच्या वाटेवर दौलतराव मारले गेले. पळस्पे म्हणजे शिरढोणच्या शेजारचे गाव. जुलैमध्ये वासुदेव बळवंत पकडले गेले. पुण्याच्या खटल्यात जन्मठेप झाली, एडनला रवानगी झाली. तेथून १८८० च्या ऑक्टोबरात ते निसटले, पण पुन्हा धरले गेले, आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तेथेच त्यांचा अंत झाला.

ही हकीकत सर्वांना माहीत आहे. पनवेलच्या नाट्यगृहाला त्यांचे नाव आहे, ‘आद्य क्रांतिवीर’ ही पदवी आहे. जी गोष्ट फारशी कोणाला माहीत नाही ती अशी की, या माणसाने आपले आत्मचरित्र स्वतः लिहून ठेवले आहे. १८७९ च्या उन्हाळ्यात, बेत फसल्यावर, ते श्रीशैल मल्लिकार्जुनाच्या पायाशी देह ठेवण्याच्या इराद्याने गेले, आणि तेथे त्यांनी ते लिहिले. ते कागद सरकारच्या हाती पडले, खटल्यात पुरावा म्हणून वापरले गेले. पुढे मुंबई सरकारने स्वातंत्र्यचळवळीच्या इतिहासाची साधने छापली तेव्हा त्यांचे इंग्रजी रूपांतर प्रसिद्ध झाले. या लेखनात विजयाची एकही तुतारी नाही. पैसा जमला नाही, सुशिक्षितांनी साथ दिली नाही, सोबतच्या माणसांचे लक्ष लुटीच्या वाटणीकडे, लहान लहान टोळ्या एकाच वेळी ठिकठिकाणी उठवण्याचा बेत मनातच राहिला, असा हा पराभूत माणसाचा जबाब आहे. आपण काय योजले होते आणि काय घडले यांतले अंतर तो स्वतःच मोजतो. ज्या परमेश्वराची आपण भक्ती केली त्याच्यापाशी तो गाऱ्हाणे नेतो, आणि ज्या देशबांधवांसाठी हे केले त्यांच्यापाशी क्षमा मागतो.

आता पूजक या मजकुराचे काय करतो पाहा. देहत्यागाचा संकल्प तो ठेवतो, कारण त्याला तेज आहे. अपयशाची कबुली गाळतो, कारण मूर्तीला तडा जातो. पळस्प्याची लूट एका वाक्यात उरकतो, कारण तेथे कोणाचे तरी घर लुटले गेले होते आणि त्या घराला नाव-गाव होते. साथीदारांविषयीचे कडवट उद्गार तर अडचणीचेच, कारण रामोशी-कोळ्यांची बाजू कोणी लिहून ठेवलेली नाही आणि ती आपण विचारलेलीही नाही. परिणामी जो माणूस उरतो तो ब्राँझचा असतो. त्याला हार घालता येतो. त्याच्याशी बोलता येत नाही. आणि खरे नुकसान हे की, कारकुनाच्या नोकरीतून उठून, साधन नसता, अनुभव नसता, एका साम्राज्याशी झुंजायला निघालेल्या आणि हरलेल्या माणसाचे धैर्य केवढे होते ते आपल्याला कळतच नाही. पराभव काढून घेतला की धैर्याचे मापही जाते.

यावर कोणी म्हणेल, चरित्रलेखक जवळचा असला, प्रेमाचा असला, की पूजा टळत नाही. हे खरे असते तर ‘स्मृतिचित्रे’ लिहिले गेले नसते. मराठीत पत्नीने पतीविषयी लिहिलेली दोन अमर पुस्तके आहेत. रमाबाई रानड्यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ १९१० चे, आणि लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ १९३० नंतरच्या काही वर्षांतले. रमाबाईंचे पुस्तक पूजेचे आहे. न्यायमूर्ती तेथे गुरू आहेत, दैवत आहेत. त्यांच्या नाराजीचा प्रसंगही प्रसादासारखा हातावर घेतला जातो. त्या काळच्या स्त्रीच्या मनाचा तो इतका प्रामाणिक आलेख आहे की त्याला उणे म्हणण्याची हिंमत होऊ नये. परंतु वाचून झाल्यावर आपल्या मनात राहतात त्या रमाबाई. रानडे देव्हाऱ्यातच असतात. लक्ष्मीबाईंनी मात्र देव्हारा मांडलाच नाही. रेव्हरंड टिळक कवी, साधुवृत्तीचे, धर्मासाठी घरदार पणाला लावणारे. आणि तेच टिळक तापट, भोळे, हातातला पैसा कोणालाही देऊन मोकळे होणारे, संसाराची घडी विस्कटून टाकणारे. लक्ष्मीबाई त्यांच्यावर रागावतात, त्यांना हसतात, त्यांच्याशी भांडतात, वर्षानुवर्षांचा विरह सोसतात आणि शेवटी आपल्या पायांनी त्यांच्या धर्मापर्यंत चालत जातात. या पुस्तकात टिळकांची एकही आरती नाही. आणि तरी ते मिटल्यावर टिळक आपल्या घरातले माणूस होऊन बसतात. नवऱ्याची माती आणि त्याचे देवपण दोन्ही एकदम पाहण्याचे बळ ज्या बाईपाशी होते तिला विसर्जनाचे भय नव्हते. म्हाइंभटांची वाट सहाशे वर्षांनी कोणी चालले असेल तर या लक्ष्मीबाई.

विभूतिपूजेवरचा मराठी मुलखातला सर्वांत कठोर विचार डॉ. आंबेडकरांनी याच रानड्यांच्या निमित्ताने मांडला हा एक अर्थपूर्ण योगायोग आहे. १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यास, रानड्यांच्या जन्मदिनी, गोखले स्मारक मंदिरात त्यांचे व्याख्यान झाले. थोर माणसाविषयी उत्कट आदर बाळगणे वेगळे आणि त्याची आज्ञा डोळे मिटून पाळणे वेगळे, हा भेद त्यांनी तेथे केला. पहिल्यात माणसाची बुद्धी शाबूत राहते, दुसऱ्यात ती गहाण पडते. पुढे २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटनासमितीत बोलताना त्यांनी हीच गोष्ट लोकशाहीला लावली. धर्मात भक्ती आत्म्याला मुक्तीकडे नेत असेल, राजकारणात मात्र ती अधोगतीकडे आणि अखेरीस हुकूमशाहीकडे नेते, असा त्यांचा इशारा होता. हा इशारा देणाऱ्याच्याच नशिबी काय आले हे सांगायला नको. त्यांच्या नावाने हात जोडणाऱ्यांपैकी किती जणांनी ते १९४३ चे व्याख्यान वाचले असेल? परंतु येथे एक गोष्ट न विसरता म्हटली पाहिजे. ज्या माणसांना देवळाच्या पायरीवरही उभे राहू दिले गेले नाही त्यांनी आपल्या मुक्तिदात्याची तसबीर घरात लावली, तर त्यांना पूजकवृत्तीवर व्याख्यान देण्याचा अधिकार देवळात सुखाने वावरलेल्यांना नाही. पूजा कोण करतो आणि त्याच्यापाशी दुसरे काय उरले आहे, हे पाहिल्यावाचून पूजेची टीका करू नये.

हाच न्याय विमानतळाच्या नावाला लावावा लागतो. २०२१ साली सिडकोने विमानतळाला बाळासाहेब ठाकरे यांचे नाव देण्याचा ठराव केला आणि रायगड-ठाण्याची भूमिपुत्र मंडळी दि. बा. पाटील यांच्या नावासाठी उभी राहिली. जूनमध्ये मानवी साखळी झाली, मग सिडकोवर मोर्चा गेला. २०२२ साली मंत्रिमंडळाने दि. बां.च्या नावाच्या बाजूने निर्णय केला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले. मुंबईच्या सुशिक्षितांना हा सारा प्रकार दोन मूर्तींच्या भक्तांचे भांडण वाटला. वरवर तो तसा होताही. पण आत डोकावले की चित्र बदलते. दि. बा. हे जासईचे, वकील, शेतकरी कामगार पक्षाचे, पनवेलचे पाच वेळा आमदार आणि दोन वेळा खासदार. १९७० साली सिडको आली, शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासईच्या परिसरात आणि नवघरला पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी पडले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व निघाले. मग विमानतळासाठी आणखी दहा गावठाणे उठली, टेकडी सपाट झाली, नदीचे पात्र वळवले गेले. ज्याची शेती गेली, खाडी गेली, गावदेवीच्या देवळाचीही जागा बदलली, त्याला नाव हवेसे वाटले तर नवल नाही. मोबदल्याच्या कागदावर जे मोजता येत नाही ते नावात मावते असे त्याला वाटते.

असे असूनही टीकाकाराने एक प्रश्न विचारायचा राहतो. नाव लागले की लढा संपला असे होणार नाही ना? मूर्तीचा हाच धर्म आहे. ती बसली की ज्यासाठी ती बसवली ते विसरायला होते. फलक चकचकीत होईल, उद्या लाखो प्रवासी त्याखालून जातील, आणि त्या दोन जानेवारी दिवसांत काय घडले हे त्यांतल्या कोणाला ठाऊक नसेल. ज्या सत्तेशी तो माणूस भांडला तिलाच त्याचे नाव भिंतीवर कोरायला काही अडचण पडत नाही. जिवंत माणूस अडचणीचा असतो, दैवत कधीच अडचणीचे नसते. सत्तेने हे फार पूर्वी ओळखले आहे. गाडगेबाबांच्या नावाचे विद्यापीठ चालते, त्यांच्या खराट्याची सवय कोणाला नको असते.

राजकारणाला नावे ठेवून साहित्यिकांनी मोकळे होऊ नये. आपल्या घरातही देव्हारे कमी नाहीत. एखाद्या कादंबरीकाराच्या छत्रपतींना लोक इतिहासातले छत्रपती समजू लागतात आणि मग बखर, पत्रे, शकावली यांच्या आधाराने बोलणारा संशोधक शत्रू ठरतो. एखाद्या कवीच्या जन्मशताब्दीला सारी मासिके गौरवांक काढतात, आणि त्या गौरवांकांत त्या कवीच्या फसलेल्या कवितेविषयी एक ओळही नसते. वास्तविक फसलेली कविता दाखवल्यावाचून साधलेली कविता किती अवघड होती ते कसे समजावे? आपली समीक्षा एक तर आरती करते, नाही तर मूर्ती फोडते. फोडणारा बहुधा दुसऱ्या देवाचा भक्त असतो. उत्तरपूजा करणारा हात फार थोड्यांपाशी आहे.

समीक्षेचे खरे काम उत्तरपूजेचे आहे. तीत अनादर नाही. दहीपोह्यांचा नैवेद्य आहे, आरती आहे, पुन्हा येण्याचे आमंत्रण आहे. फक्त मूर्तीला जागेवरून थोडे हलवायचे असते. वासुदेव बळवंतांचे आत्मचरित्र त्यांच्या अपयशाच्या कबुलीसकट, टीपांसकट, शाळेतल्या मुलाच्या हाती पडेल असे मराठीत सर्वत्र मिळायला हवे. त्यांच्या नावाच्या नाट्यगृहात त्याचे वाचन व्हायला हवे, आणि दौलतराव नाइकांचे नाव त्यात उच्चारले जायला हवे. दुसरे काम अधिक तातडीचे आहे. १९८४ च्या जानेवारीत जो तरुण पंचविशीचा होता तो आज पासष्टीच्या पुढे गेला आहे. जासईच्या, नवघरच्या, उठलेल्या दहा गावांच्या माणसांकडे कोणी तरी वही घेऊन जायला हवे. दि. बा. काय बोलले, कोठे चुकले, कोणाशी त्यांचे पटले नाही, गोळी सुटली तेव्हा कोण कोठे उभे होते, स्त्रिया कोठे होत्या, एकाला असे आठवते आणि दुसऱ्याला तसे, हे सारे लिहून घ्यायला हवे. म्हाइंभटांनी हे काम केले तेव्हा त्यांच्यापाशी चालायला दोन पाय होते आणि लिहायला बोरू. आपल्यापाशी साधने पुष्कळ आहेत. साक्षीदार मात्र दर वर्षी कमी होत आहेत.